एकाच पॅरिशमधले तीन विल्यम: इंग्लंडच्या खेड्यात घराण्याचा माग कसा काढायचा

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडतो. दक्षिण विल्टशरमधल्या एका छोट्या गावात तुम्ही राहता आणि यजमानांच्या आजोबांचं घराणं तिथलंच आहे. मुलाच्या शाळेसाठी वंशवृक्ष काढायला घेतलात आणि विल्यम नावाच्या एका शेतमजुरापाशी येऊन अडलात. १८५१ च्या जनगणनेत त्याचं वय ४७ आणि जन्म याच पॅरिशचा (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाचा). १८६१ मध्ये वय ५६ आणि जन्म शेजारच्या पॅरिशचा. १८७८ मध्ये दफन, तिथे वय ७४. बाप्तिस्म्याच्या नोंदींत मात्र त्याच आडनावाचे तीन विल्यम निघाले. १८०२ चा आणि १८०४ चा तुमच्या गावात, १८०५ चा शेजारच्या. इंटरनेटवरच्या लोकांनी आपापल्या वंशवृक्षात १८०४ चा घेतलाय. सासूबाई म्हणतात की आम्ही सोळाशे सालापासून इथलेच. शिवाय युद्धस्मारकावर त्याच आडनावाचा एक जण आहे आणि तो हिंदुस्थानात वारला असं घरात सांगतात. तुमचे प्रश्न दोन: आपला विल्यम कोणता, आणि गावाचा इतिहास शोधायला सुरुवात कुठून करायची?

या भागातल्या जुन्या दप्तरांत मी बरीच वर्षं वावरतोय. माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. दुसरं काम हाती घेतल्याशिवाय पहिल्याचं खात्रीचं उत्तर मिळणार नाही. लहान पॅरिशमध्ये आडनावाचा धागा धरून सरळ वर चढत गेलं की हमखास फसगत होते, कारण तिथे आडनावं मोजकी आणि पाळण्यातली नावं त्याहून मोजकी. जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, ॲन, एलिझाबेथ एवढ्यातच अर्धं गाव येतं. सख्खे चुलतभाऊ आपापल्या पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात आणि दोन वर्षांत दोन विल्यम तयार होतात. त्यांना वेगळं करायचं तर शेजारी, जमीन, मालक, पॅरिशचा हिशोब हे सगळं लागतं. थोडक्यात, गाव लागतं.

आपल्याकडचे कुलवृत्तान्त मूळपुरुषापासून खाली येतात आणि मुलग्यांच्या अंगानं चालतात. ती सवय इथे बाजूला ठेवा. माहीत असलेल्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं. मुलींची लग्नं, विधवांचे पुनर्विवाह, लहानपणी गेलेली मुलं, सगळ्यांची नोंद घ्यायची. बऱ्याचदा उत्तर विल्यमच्या नोंदीत नसतं, त्याच्या बहिणीच्या लग्नात असतं.

तुमच्या गावात कोणते कागद टिकलेत त्यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी काही कबूल करणार नाही. नोंदवही ठेवण्याचा हुकूम थॉमस क्रॉमवेलनं १५३८ मध्ये काढला. पण अनेक पॅरिशच्या वह्या १५५८ पासून सुरू झालेल्या दिसतील, कारण १५९८ मध्ये जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्यायला सांगताना एलिझाबेथ राणीच्या पहिल्या वर्षापासूनच्या नोंदींवर विशेष भर दिला गेला. कुठे पहिली वही हरवली, कुठे ओलीनं गेली. १६४० ते १६६० च्या यादवीच्या काळात तर कितीतरी ठिकाणी नोंदी तुटक आहेत. त्याच १५९८ च्या हुकमानं दर वर्षी नोंदींची प्रत बिशपकडे पाठवणं ठरलं. म्हणून वहीत पान नसेल किंवा अक्षर लागत नसेल तर बिशपकडची प्रत मागवायची. दोन्ही असतील तरी दोन्ही पाहा. प्रत करताना पाद्री किंवा कारकून कधी एखादं नाव गाळतो, तर कधी मुळात नसलेला तपशील घालतो.

सनाचीही एक अडचण आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे १७२० च्या फेब्रुवारीतला बाप्तिस्मा वहीत १७१९ खाली दिसतो. आईवडिलांचं लग्न मे १७१९ मधलं आणि मूल फेब्रुवारी १७१९ मधलं दिसलं, की लोक नाही नाही ते तर्क करतात. नोंद उतरवताना मूळ सन आणि आजच्या हिशोबाचा सन असे दोन्ही लिहा.

आता तुमचे तीन विल्यम. पहिलं काम बाप्तिस्म्याचं नाही, दफनाचं आहे. तिघांपैकी कोणी लहानपणीच गेला का, हे आधी बघायचं. १८१३ पूर्वीच्या दफनाच्या नोंदीत वय बहुधा नसतं, पण मूल असेल तर ‘अमक्याचा मुलगा’ असं अनेकदा लिहिलेलं असतं. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती. म्हणून १८०२ चा आणि १८०४ चा विल्यम एकाच आईबापांचे असतील, तर पहिला गेला असण्याची शक्यता दाट आहे. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत ही तपासणी क्वचितच केलेली असते. जन्म जुळला की लोक पुढे सरकतात, आणि पाळण्यातच गेलेल्या मुलाला पुढे दहा मुलं झालेली दिसतात. हे दफन दोन्ही पॅरिशमध्ये पाहा, आणि आईचं माहेर कळलं असेल तर तिथेही.

दुसरं, विल्यमच्या मुलांचे बाप्तिस्मे. १ जानेवारी १८१३ पासून छापील तक्ते आले आणि त्यांत वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण लिहिणं आलं. १८२५ ते १८४५ च्या दरम्यान त्या आडनावाच्या विल्यमना झालेली सगळी मुलं एका कागदावर मांडा. एक विल्यम सतत एकाच वाडीचा आणि मजूर, दुसरा कायम दुसऱ्या टोकाचा आणि मेंढपाळ, असं चित्र बऱ्याचदा आपोआप उभं राहतं. बायकांची नावंही सोबत असतात. हा तक्ता संपूर्ण हवा. ‘आपली’ वाटणारी मुलं तेवढी उचलून केलेला उपयोगाचा नाही.

तिसरं, लग्नाची वही. मार्च १७५४ पासून हार्डविक यांच्या कायद्यामुळे वधूवर आणि दोन साक्षीदार यांनी सही किंवा खूण करणं सक्तीचं झालं. एक विल्यम सही करतो आणि दुसरा फुली मारतो, एवढ्यावरूनही दोन माणसं वेगळी होतात. मात्र यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, कारण सही येत असलेली माणसंही कधी फुली मारून मोकळी होत. साक्षीदार जास्त बोलतात. प्रत्येक लग्नात दिसणारं नाव बहुधा चर्चच्या कारकुनाचं असतं, ते सोडून द्या. उरलेला साक्षीदार भाऊ, बहीण किंवा मेहुणा निघण्याचा संभव मोठा असतो.

चौथी गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली आणि तेव्हापासून लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा येतो. तुमच्या विल्यमचं पहिलं लग्न त्याआधीचं असणार. पण बायको गेल्यावर त्यानं १८३७ नंतर दुसरं लग्न केलं असेल, तर वडिलांचं नाव आयतं मिळेल. १८५१ आणि १८६१ मध्ये बायकोचं नाव आणि जन्मगाव तेच आहे का, एवढं पाहिलं तरी कळेल. त्यानं नसेल केलं, तर त्याच्या धाकट्या भावंडांपैकी कोणी केलं का ते बघा. जन्ममृत्यूच्या नोंदी शोधताना जनरल रजिस्टर ऑफिसची (सरकारी नोंदणीच्या मध्यवर्ती कचेरीची) स्वतःची ऑनलाइन सूची वापरा. तिच्यात १८३७ पासून बाळाच्या आईचं माहेरचं आडनाव आणि मृताचं वय दिलेलं आहे. जुन्या छापील सूचींत या गोष्टी फार उशिरा आल्या. जन्म न नोंदवल्याबद्दलचा दंड १८७५ पासून खऱ्या अर्थानं लागू झाला, त्यामुळे त्याआधीचा एखादा जन्म सापडला नाही तर बाप्तिस्म्याकडे वळा.

वयातल्या फरकाची फार काळजी करू नका. ४७, ५६ आणि ७४ या तिन्ही वयांचा हिशोब १८०३ ते १८०५ च्या आसपास येतो आणि शेतमजुराच्या बाबतीत एवढं ठीक आहे. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे हेही लक्षात असू द्या. कधीकधी तीन-चार भावंडांचे बाप्तिस्मे एकाच रविवारी उरकलेले सापडतात. १८४१ च्या जनगणनेतलं वय मात्र सांभाळून घ्या. पंधराच्या वरच्यांचं वय तिथे पाचाच्या पटीत खाली आणलेलं असतं, नाती दिलेलीच नसतात आणि जन्माबद्दल याच कौंटीतला की नाही एवढंच विचारलेलं असतं. एका घरात राहणारी माणसं नवरा-बायको-मुलंच असतील असं तिथे धरून चालू नका.

जन्मगाव बदललं याला मी जास्त महत्त्व देतो. १८५१ मध्ये हे गाव आणि १८६१ मध्ये शेजारचं, हे दोन्ही खरं असू शकतं. पॅरिश म्हणजे एक गावठाण नाही. तिच्या हद्दीत दोन-तीन वाड्या, लांबची शेतघरं असतात आणि एखादी वाडी स्वतःच्या चर्चपेक्षा शेजारच्या चर्चला जवळ असते. माणूस जन्मला एका हद्दीत, बाप्तिस्मा झाला दुसऱ्या चर्चमध्ये. यासाठी नकाशा समोर हवाच. तुमच्या पॅरिशला लागून असलेल्या सगळ्या पॅरिश एका कागदावर काढा आणि दर शोधात त्या सगळ्या बघा. नवरा-बायको बहुधा चालत गाठता येईल अशा अंतरातलेच असतात.

मजुराचं घर एका पॅरिशमधून दुसरीत का जातं यामागे गरिबांच्या पोषणाचा कायदा आहे, आणि तो समजला की निम्मी कोडी सुटतात. १६०१ च्या कायद्यानं प्रत्येक पॅरिशनं आपले गरीब आपणच पोसायचे होते. १६६२ च्या कायद्यानं ‘आपले’ कोण हे ठरवलं. वडिलांची पॅरिश ती मुलाची. लग्न झालं की बायकोला नवऱ्याची. त्याशिवाय अविवाहित असताना एक पूर्ण वर्ष चाकरी केली, उमेदवारी केली किंवा वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेतली, तर नव्या पॅरिशमध्ये हक्क लागायचा. म्हणून काही शेतकरी गड्याला मुद्दाम वर्षाला आठवडाभर कमी ठेवत. कोणी आजारी पडून मदत मागायला आला की दोन न्यायाधिकाऱ्यांपुढे त्याची जबानी व्हायची: जन्म कुठला, चाकरी कोणाकडे, किती दिवस, पगार काय, लग्न कधी. आपल्या पॅरिशचा नाही असं ठरलं की त्याला हद्दपार करून मूळ पॅरिशमध्ये पोचवण्याचा हुकूम निघे. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही अशा माणसाचं आयुष्य सलग कुठे वाचायला मिळत असेल, तर ते या जबान्यांत. तुमच्या तीन विल्यमपैकी एकाची जबानी मिळाली, तर प्रश्न तिथेच संपू शकतो.

या जबान्या, ओव्हरसीअरचे म्हणजे गरिबांचा खर्च पाहणाऱ्याचे हिशोब, चर्चवॉर्डनचे म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्याचे हिशोब, व्हेस्ट्री म्हणजे पॅरिशच्या सभेची इतिवृत्तं, अनौरस मुलाच्या बापाकडून घेतलेले जामीन हे सगळं पूर्वी चर्चमधल्या पेटीत असायचं. आता ते कौंटीच्या अभिलेखागारात असतं. तुमच्यासाठी ते चिपनममधलं विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटर. किती टिकलंय ते दर पॅरिशला वेगळं. एका ठिकाणी शंभर वर्षांचे हिशोब सलग मिळतात, तर शेजारी एकही पान नाही. हिशोब असतील तर कंटाळा न करता ओळ न् ओळ वाचा. कोणाला बूट दिले, कोणाच्या बायकोच्या बाळंतपणाला सुईण दिली, कोणाच्या प्रेताला कापड दिलं, हे नावानिशी लिहिलेलं असतं. मी गावाची ओळख करून घ्यायला नेहमी याच वह्या आधी मागवतो.

आणखी एक कारण जमीनदाराचं. ज्या पॅरिशमध्ये बहुतेक जमीन एकाच मालकाची असे, तिथे तो गरिबांवरचा कर वाढू नये म्हणून मजुरांना नवी घरं बांधू देत नसे, कधी जुनीही पाडून टाकी. मजूर मग अनेक मालक असलेल्या शेजारच्या गावात भाड्यानं राहत आणि रोज चालत कामाला येत. १८६५ मध्ये गरिबांचा खर्च पॅरिशऐवजी अनेक पॅरिश मिळून झालेल्या युनियनवर गेला, तेव्हा हे कारण उरलं नाही. तुमच्या घराण्याची एक शाखा १८३० च्या सुमारास हद्द ओलांडून गेलेली दिसली, तर भांडण-तंटा शोधण्याआधी दोन्ही गावांच्या जमिनी कोणाच्या होत्या ते बघा.

ते कळतं टाइथच्या नकाशावरून, आणि गावाच्या इतिहासाची सुरुवात मी तिथूनच करायला सांगेन. चर्चला द्यायचा पिकाचा दहावा हिस्सा १८३६ च्या कायद्यानं पैशात बदलला. त्यासाठी पुढच्या पंधरा-वीस वर्षांत इंग्लंड-वेल्सच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाचे नकाशे झाले. आपला गटनकाशा आणि सातबारा एकत्र बांधल्यासारखा हा दस्तऐवज आहे. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, मालक कोण, वहिवाट कोणाची, शेताचं नाव, पीक की कुरण, क्षेत्र किती, आकारणी किती. जिथे शेतांची बंदिस्ती (सामाईक जमीन कुंपण घालून खासगी करणं) कायद्यानं आधीच होऊन टाइथच्या बदल्यात जमीन दिली गेली होती, तिथे असा नकाशा नसतो किंवा अर्धवट असतो. मग बंदिस्तीचा निवाडा आणि त्याचा नकाशा मागवा.

हा नकाशा आणि १८४१ ची जनगणना एकमेकांना अगदी लागून आहेत, आणि हे जुळवण्यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कुठल्याही कामात मिळालेला नाही. गणना करणारा माणूस गावातून कुठल्या क्रमानं चालला हे त्याच्या वहीतल्या घरांच्या ओळीवरून कळतं. पाद्रीचं घर, दारूचा गुत्ता, लोहार, गिरणी ही नकाशावर ओळखू येणारी ठिकाणं आधी खुणा म्हणून धरा. मग दोन खुणांच्या मधली घरं त्याच्या क्रमानं बसवत जा. सावकाश सगळं गाव बसतं. मजुरांची घरं बऱ्याचदा मालकाच्या नावावर ‘घरं आणि बागा’ अशी एकगठ्ठा असतात, म्हणून नेमकं कोणतं घर हे प्रत्येक वेळी ठरणार नाही. पण रांग ठरते. दोन विल्यम १८४१ मध्ये गावाच्या कोणत्या टोकाला राहत होते आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून कोण होतं, हे एकदा कळलं की लग्नातले साक्षीदार अचानक ओळखीचे वाटायला लागतात. नंतर १८५१ ते १९११ च्या जनगणना त्याच नकाशावर चढवा. पुढे १९०९-१० च्या अर्थकायद्याखाली प्रत्येक घराचं मूल्यमापन झालं, त्याच्या क्षेत्रवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) आहेत. त्यांत खोल्या किती, छप्पर कसलं, विहीर आहे का, असं बारीकसारीक सापडतं. जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी नकाशा खात्याचे) नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात; नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचे नकाशेही तिथे आहेत. १९३१ ची जनगणना मात्र १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये झालीच नाही. तेवढ्या काळासाठी १९२१ ची जनगणना आणि सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही एवढ्यावरच भागवावं लागतं.

गावातली सगळी कुटुंबं अशी नोंदवह्यांतून पुन्हा उभी करायची पद्धत काही हौशी लोकांचा छंद नाही. केंब्रिजच्या लोकसंख्या-इतिहास गटानं १९६४ नंतर याच पद्धतीनं काम केलं आणि टोनी रिग्ली यांनी डेव्हनमधल्या कॉलिटन या एका पॅरिशच्या नोंदींवरून तिथले लोक कोणत्या वयात लग्न करत आणि मुलं किती होत हे दाखवून दिलं. तुम्हाला एवढं मोठं करायचं नाही. तुमच्या आडनावाचं प्रत्येक कुटुंब आणि त्यांच्याशी लग्नानं जोडलेली घरं, १७५० ते १८५०, एवढं पुरे. प्रत्येक कुटुंबाला एक पान. जी माणसं कुठल्याच पानावर बसत नाहीत त्यांची वेगळी यादी ठेवा. खरं उत्तर पुष्कळदा त्या यादीतच दडलेलं असतं.

इथवरचं कामाच्या क्रमानं सांगायचं तर आधी तिन्ही विल्यमचे दफन, मग सगळ्या विल्यमच्या मुलांचा तक्ता, मग लग्नं आणि साक्षीदार, मग जबान्या आणि हिशोब, आणि या सगळ्याखाली टाइथचा नकाशा अंथरलेला. एवढं झाल्यावरही दोन विल्यम उरले तर ‘दोघांपैकी एक’ असं लिहून थांबा. उरलेल्या विल्यमचं पुढे काय झालं ते शोधणं हाही पुरावाच आहे. तो लंडनला गेला, सैन्यात गेला की समुद्रापलीकडे? १८३० च्या नोव्हेंबरात तुमच्याच भागात मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. टिसबरीजवळ पिट हाउसला (Pythouse) घोडदळाशी झालेल्या झटापटीत एक जण मारला गेला. जानेवारी १८३१ मध्ये सॉल्झबरीला खास न्यायालय बसलं आणि विल्टशरमधल्या कितीतरी मजुरांना ऑस्ट्रेलियाकडे काळ्या पाण्यावर धाडलं. पुढच्याच काही वर्षांत डाउनटनसारख्या पॅरिशनं गरीब कुटुंबांना पैसे देऊन कॅनडाला पाठवलं. पंचविशीतला विल्यम १८३१ नंतर नोंदींतून गायब होत असेल तर हे दोन्ही तपासा.

एखाद्या शाखेचे बाप्तिस्मेच दिसत नाहीत पण लग्नं चर्चमध्ये आहेत, असं झालं तर ती शाखा बाप्टिस्ट किंवा इंडिपेंडंट चॅपेलला, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या पंथाच्या प्रार्थनाघराला, जाणारी असू शकते. १७५४ ते १८३७ दरम्यान क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न पॅरिशच्या चर्चमध्येच करावं लागे. चॅपेलच्या वह्यांपैकी पुष्कळशा १८४० मध्ये सरकारजमा झाल्या आणि आता नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.

सासूबाईंच्या सोळाशे सालाबद्दल. त्या म्हणतात ते अशक्य नाही. आडनाव तेव्हा गावात असणं वेगळं आणि तो माणूस तुमचा पूर्वज आहे हे दाखवणं वेगळं, एवढंच. मजुरांच्या घराण्यात चर्चच्या नोंदींवर मी साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत खात्रीनं जातो. त्यामागे जायला जमिनीचे कागद लागतात. इथे तुमचा भाग नशीबवान आहे. नैऋत्य इंग्लंडमध्ये जमीन बऱ्याचदा ‘तीन आयुष्यांच्या’ पट्ट्यानं दिली जाई: स्वतः कूळ, बायको, मुलगा अशी तीन नावं लिहायची आणि तिघांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंत पट्टा चालायचा. एक गेला की पैसे भरून नवं नाव घालायचं. या कागदांत नाती आणि कधी वयंही स्पष्ट असतात. आज मजूर असलेल्या घराण्याकडे दोनशे वर्षांपूर्वी असा पट्टा असणं मुळीच दुर्मीळ नाही. जमीनदाराच्या कचेरीतल्या या दप्तराचा आणि मॅनरच्या (जमीनदाराच्या जहागिरीच्या) न्यायसभेच्या गुंडाळ्यांचा पत्ता नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनरच्या कागदपत्रांच्या सूचीत मिळतो. १७३३ पर्यंत त्या गुंडाळ्या बहुधा लॅटिनमध्ये असतात, पण मजकूर ठरावीक साच्याचा. नॅशनल आर्काइव्ह्जचे लॅटिनचे आणि जुन्या अक्षराचे मोफत ऑनलाइन धडे आहेत. सवडीनं करा, जमतं.

त्याचबरोबर मृत्युपत्रं. जानेवारी १८५८ पूर्वी ती धार्मिक न्यायालयांकडे सिद्ध होत. सॉल्झबरीच्या बिशपच्या अखत्यारीतली लाखाहून अधिक मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या चिपनमला आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन आल्यात. मजुराचं मृत्युपत्र क्वचित मिळेल. म्हणून गावातल्या बाकीच्यांची वाचा. निपुत्रिक शेतकरी, अविवाहित आत्या, गिरणीवाला, ही मंडळी भाच्या-पुतण्यांची नावं घेऊन वाटण्या करतात आणि तिथे तुमचा माणूस सापडतो.

स्मारकावरचा माणूस पहिल्या महायुद्धातला धरतो. घरातली गोष्ट खरी असण्याचा चांगला संभव आहे. १९१४ च्या अखेरीस विल्टशर रेजिमेंटच्या टेरिटोरियल (अर्धवेळ स्वयंसेवकांच्या) बटालियन हिंदुस्थानात पाठवल्या होत्या, म्हणजे तिथलं कायमचं सैन्य फ्रान्सला नेता यावं. त्यांतले कितीतरी जण लढाईपेक्षा तापानं आणि उन्हानं गेले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका. पुण्याजवळ खडकीच्या युद्धस्मारकात १९१४-१८ दरम्यान हिंदुस्थानात वारलेल्या आणि ज्यांच्या मूळ कबरींची देखभाल आता होऊ शकत नाही अशा १८०० हून अधिक सैनिकांची नावं आहेत. तुमचे आईवडील पुण्यात असतात असं तुम्ही लिहिलंय. नाव त्या यादीत निघालं तर ते जाऊन पाहू शकतील. सैनिकाची सेवापुस्तिका मिळेलच असं नाही, कारण पहिल्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांच्या निम्म्याहून अधिक फाइली सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्या. पण मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या दफनांच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत आणि फाइंडमायपास्ट या पैसे भरून वापरायच्या संकेतस्थळावरही दिसतात. त्यांत तारीख, ठिकाण आणि बहुधा मृत्यूचं कारण मिळतं.

पैसे घालण्याआधी फॅमिलीसर्च, फ्रीरेग आणि फ्रीबीएमडी ही मोफत संकेतस्थळं वापरा. ॲन्सेस्ट्री हे पैसे भरून वापरायचं संकेतस्थळ अनेक कौंटी ग्रंथालयांत फुकट बघता येतं. सूचीत नाव सापडलं की तिथे थांबू नका, मूळ पानाची प्रतिमा उघडून वरखालच्या नोंदीही वाचा. चिपनमला जाण्याआधी सूचीतून हवे ते संदर्भ क्रमांक काढून त्यांना कळवा, वेळ ठरवा, आणि टिपणाला पेन्सिल न्या. वाचनकक्षात शाई चालत नाही. पहिल्या फेरीत दफनाची वही आणि ओव्हरसीअरचे हिशोब एवढंच मागवा.

तिन्ही विल्यमचे दफन तपासून झाले की इथेच लिहा. काही सापडलं नाही तरी लिहा, आणि कोणत्या पॅरिशच्या, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या नोंदी पाहिल्यात तेही सांगा. पुढचं त्यावरून ठरवता येईल.